ईसीएममधले आकडे बदलले की गाडी पळते?

शेगावहून संग्रामपूरकडे जाताना वरवट बकाल लागतं. या पट्ट्यात सेकंडहँड डिझेल गाड्या पुष्कळ फिरतात, आणि गाडी ओढेनाशी झाली की कुणीतरी सल्ला देतोच: मोठ्या शहरात जाऊन ‘चिप’ बसवून आण, पिकअप दुप्पट होतो, वर अ‍ॅव्हरेजही वाढतं.

मुळात चिप वगैरे काही बसत नाही. हवा किती आली, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब किती आहे, इंजिन किती तापलंय हे सेन्सरकडून घेऊन डिझेल कधी आणि किती सोडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्यासाठी त्याच्यात आकड्यांची कोष्टकं भरलेली असतात. लोक ज्याला चिप म्हणतात तो रिमॅप म्हणजे बहुधा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडून तेच आकडे बदलणं. टर्बो डिझेलमध्ये यातून ताकद २० ते २५ टक्के वाढू शकते. दुप्पट नाही. आणि टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत जास्तीची हवा कोंबायला काही साधनच नसतं, त्यामुळे दोन-चार अश्वशक्ती मिळाली तरी पुष्कळ. अशा गाडीवर हजारो रुपये घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे, कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते. त्याला नेहमी फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटचा दाखला देतात. पुण्याजवळच्या रांजणगावात हे इंजिन बनायचं. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्तीचं, अर्टिगात ९० चं. इंजिन एकच, मग फरक सॉफ्टवेअरचाच असणार, असं लोक धरून चालतात. पण ७५ च्या इंजिनात ठरावीक भूमितीचा टर्बो होता आणि ९० च्या इंजिनात पाती फिरवून हवेचा दाब सांभाळणारा. म्हणजे लोखंडच वेगळं. ठरावीक भूमितीच्या टर्बोकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायचं, तर आधीच मिनिटाला लाखांवर फेऱ्यांनी फिरणाऱ्या त्या टर्बोवर आणखी भार पडतो. सोबत क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सही त्याच भाराखाली येतात.

कंपनी ताकदीत थोडी जागा राखून ठेवते हे मात्र खरं, आणि ती जागा वऱ्हाडातल्या उन्हाळ्यासाठीच असते म्हटलं तरी चालेल. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. तेवढ्या हवेत डिझेल मात्र वाढवलेलंच पडलं, तर ते नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि टर्बोकडे जाणारा वायू जास्त तापतो. शिवाय कच्च्या रस्त्यावरच्या धुळीने एअर फिल्टर चोंदलेला असेल, तर हवेची आणखी बोंब. डिसेंबरमध्ये झकास चाललेला रिमॅप मे महिन्यात, चार माणसं आणि सामान घेऊन एसी लावला की त्रास देतो तो यामुळे.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर मीटरवरचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. काही स्वस्त ‘ट्यूनिंग बॉक्स’ रेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीएमला भासवतात. ईसीएम दाब वाढवतो, डिझेल जास्त पडतं, पण हिशेब मात्र कमी डिझेलचाच होतो. मीटर १८ च्या जागी २० दाखवू लागतं, पंपावरचं बिल मात्र बोलतं वेगळंच. टाकी काठोकाठ भरा, गाडी चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एवढाच आकडा खरा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते, आणि गावातून शेतात नि शेतातून गावात एवढंच फिरणाऱ्या गाडीला ती मिळत नाही. मग डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा पेटतो आणि ‘काढून टाक, सॉफ्टवेअरमधून बंद कर’ हा सल्ला येतो. हे करू नका. मोकळ्या रस्त्यावर थोड्या चढ्या आरपीएमवर सलग वीसेक मिनिटं गाडी चालवली, की बहुतेक वेळा काजळी जळून दिवा विझतो. डीपीएफ काढल्यावर तीच काजळी घरासमोर खेळणाऱ्या लेकरांच्या छातीत जाते.

‘सर्व्हिसिंगच्या आधी जुनी फाइल परत टाकली की कुणाला कळत नाही’ हेही बरोबर नाही. बऱ्याच ईसीएममध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. वॉरंटी तिथेच संपू शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या फेरबदलांना मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही अडकतो.

जुनी डिझेल गाडी ओढत नसेल तर मिस्त्रीकडून आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंटरकूलरचे फाटलेले होज, जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमधली काजळी आणि इंजेक्टर तपासून घ्या. गेलेली ताकद बरेचदा इथेच सापडते. ती परत मिळवायला लॅपटॉप लागत नाही.