गोळ्यांची बाटली

आमच्या कासारवाडीत दोघांचे भांडण जुंपले, की एकजण दुसऱ्याला 'येरवड्याला' धाडतोच! तिथल्या मनोरुग्णालयाचे नाव घेऊन आपण हसतो. पण या हसण्याच्या धाकाने शेजारच्या वहिनींनी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून ठेवल्या. मुलाला नैराश्याने घेरले होते.

"भावजी, कुणाला कळलं तर याच्या नोकरीचं, लग्नाचं काय? याच्या वडिलांनाही सांगितलं नाही. आठवडा झाला, गुण नाही. बंदच कराव्या म्हणते."

"वहिनी, तुमची रक्तदाबाची गोळी कशी उघड्यावर असते?" मी विचारले.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा २ ते ४ आठवडे लागतात. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही; पण एकदम सोडल्यास चक्कर येते, दुखणे उलटू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्या हळूहळू कमी करायच्या. शिवाय पंचविशीच्या आतील काही मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. म्हणून घरच्यांची नजर हवी. बाटलीच लपवली, तर नजर ठेवणार कोण?

गावभर सांगायला नकोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. अडीअडचणीला २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

पण वाचकहो, निदान घरात तरी "जेवलास का?" इतक्याच सहजपणे "गोळी घेतलीस का?" असे मोठ्याने विचारता यायला हवे.