समुद्रफेन आणि रुप्याची आंगठी



कोंकणांतल्या वाळूच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलेल्या माणसाला भरतीच्या रेषेवर केव्हां केव्हां एक पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तु सांपडते. पोपट पाळणारे ती पिंजऱ्याला अडकवून ठेवतात, वैद्य तिचा औषधांत उपयोग करतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानांत ती समुद्रफेन या नांवानें विकत मिळते. नांव मात्र फसवें आहे. हा समुद्राचा गोठलेला फेंस नव्हे. ज्याला आपल्याकडे माकूल म्हणतात त्या जातीच्या प्राण्याच्या पाठींतलें हें कवच आहे. त्याच्यापासून रुप्याची आंगठी कशी होते, तें आज सांगावयाचें आहे. नभोवाणीवर वस्तु दाखवितां येत नाहीं. पण ती घडते कशी हें ऐकल्यावर ती दिसते कशी हें निराळें सांगावें लागूं नये, अशी माझी खटपट राहील.

समुद्रांतले आकार अंगावर घालणें ही आपल्याला नवी गोष्ट नाहीं. आपल्या स्त्रिया पायाच्या बोटांत जोडव्यांबरोबर मासोळ्या घालीत आल्या आहेत. सोनें पायांत घालावयाचें नाहीं या संकेतामुळें त्या रुप्याच्याच असतात. (जुन्या सोनारी मापांत ‘मासा’ हें वजनही होतें, बारा मासे म्हणजे एक तोळा. तेव्हां मासोळी किती माशांची, हा प्रश्न सोनाराच्या दुकानांत कोणालाही विनोदी वाटत नसे!) परंतु मासोळी घडविणारा कारागीर मासा मनांत आणतो आणि हातोडीनें किंवा ठशानें तो रुप्यावर उतरवितो. समुद्रफेनांत ओतलेल्या आंगठीवर ज्या लाटा दिसतात त्या कोणीही कोरलेल्या नसतात.

त्या येतात कोठून? हें कवच चुनखडीच्याच जातीच्या द्रव्याचें असतें, पण तें भरीव नसतें. अतिशय पातळ असे पुष्कळ पडदे एकावर एक रचलेले, आणि दोन पडद्यांच्या मध्यें डोळ्यांना दिसणार नाहींत इतके बारीक खांब, अशी त्याची रचना आहे. या कप्प्यांतलें पाणी आणि वायु यांचें प्रमाण कमीअधिक करून तो प्राणी पाण्यांत आपला तोल सांभाळतो. प्राणी वाढतो तसतसा नवा पडदा तयार होतो. कवच उभें चिरलें कीं हे पडदे एकाखालीं एक अशा रेषांनी दिसतात, आणि ओहोटीनंतर ओल्या वाळूवर ज्या वळ्या राहतात त्यांची हटकून आठवण होते.

युरोपांतल्या सोनारांना या कवचाचा साचा करण्याची युक्ति फार पूर्वींपासून ठाऊक आहे. इटालियन कारागीर त्याला ‘ओस्सो दि सेप्पिया’, म्हणजे सेप्पियाचें हाड, असें म्हणतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या कॉर्नवॉलसारख्या किनारपट्टींत आजही या रीतीनें आंगठ्या ओततात. कृति ऐकावयास सोपी आहे. जाड कवच घेऊन त्याचे दोन भाग करावयाचे. ते सपाट दगडावर घासून इतके सारखे करावयाचे कीं एकमेकांवर ठेवले असतां मधून उजेडाची रेघही दिसूं नये. कवच इतकें मऊ असतें कीं लांकडी किंवा धातूच्या आंगठीचा नमुना दोन्ही भागांमध्यें ठेवून दाबला म्हणजे त्याचा ठसा उमटतो. नमुना काढून घेतल्यावर वरून रुपें ओतण्यासाठीं नरसाळ्यासारखी वाट आणि हवा निघून जाण्यासाठीं बारीक खांचा कोरतात. मग मऊ कुंचल्यानें ठशाची आंतली बाजू हळूहळू झाडतात. या झाडण्यांत सगळी कला आहे. पडद्यांच्या मधला भुसभुशीत भाग निघून जातो, पडदे उभे राहतात, आणि दाबतांना मोडलेल्या वळ्या पुन्हां दिसूं लागतात. कमी झाडलें तर आंगठी गुळगुळीत निघते. अधिक झाडलें तर तिचा आकारच बिघडतो.

दोन्ही भाग तारेनें आवळून बांधले म्हणजे साचा झाला. शुद्ध रुपें सुमारें ९६२ अंश सेंटिग्रेडला वितळतें. दागिन्यासाठीं हजारांत ९२५ भाग रुपें आणि ७५ भाग तांबें अशी मिसळ घेतली तर त्याहून कांहींशा कमी उष्णतेवर काम भागतें. मुशींत टांकणखाराची चिमूट टाकून रस पाऱ्यासारखा लकाकूं लागला कीं तो एका दमांत ओतावयाचा. येथें विचार करीत थांबण्याची सोय नाहीं. हात क्षणभर अडखळला तर रस वाटेंतच थिजतो. कवच ओलें राहिलें असेल तर आंतल्या पाण्याची वाफ होऊन तापलेलें रुपें उलट अंगावर उडण्याची भीति असते, म्हणून कवच अगदीं कोरडें असल्याची खात्री आधीं करून घ्यावी लागते. रस आंत शिरतांच केंस जळल्यासारखी घाण येते आणि साच्याची आंतली बाजू काळी पडते. मीं एका कारागिराच्या खोलींत हें काम पाहिलें तेव्हां तीन साचे बांधलेले होते आणि आंगठ्या दोनच निघाल्या. तिसरी अर्ध्या चंद्रकोरीसारखी अपुरी राहिली. त्यानें ती न बोलतां पुन्हां मुशींत टाकली. साचा मात्र पुन्हां उपयोगाचा नव्हता. एका साच्यांत एकच आंगठी, असा हा व्यवहार आहे.

शिंपल्याचाच ठसा घ्यावयाचा असेल तर खडकांना चिकटून राहणारी, उघड्या छत्रीच्या आकाराची शिंपली चांगली. ती सरळ दाबतां येते व सरळ उचलतां येते. पीळदार शंख तसा निघत नाहीं, तो आपल्याबरोबर साच्याची कड मोडून आणतो. शिवाय शंखाचा पीळ कधींच मिटत नाहीं. डार्सी थॉम्सन या शास्त्रज्ञानें १९१७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दाखविलें आहे कीं शंख केवळ तोंडाकडे वाढतो आणि तरीही त्याची ठेवण तीच राहते. आंगठी मात्र बोटाभोंवतीं मिटावी लागते. म्हणून शंखाची आठवण देणारी आंगठी करावयाची तर ओतण्यापेक्षां तार वळवून, टोंकें एकमेकांना न जोडतां करणें मला अधिक योग्य वाटतें. आपलें जुनें वेढें याच जातीचें आहे.

आतां विकत घेणारांसाठीं थोडेंसें. समुद्रफेनांत ओतलेल्या एका चांगल्या आंगठीवरून रबराचा साचा करतां येतो, त्यांत मेणाचे नमुने पाडतां येतात, आणि त्यांवरून शेंकडों आंगठ्या ओततां येतात. त्यांत गैर कांहीं नाहीं; त्या स्वस्त पडतात आणि दिसतातही बऱ्या. गैर आहे तें त्यांना हातची, एकुलती एक म्हणून विकणें. आंगठीवरचा शुद्धतेचा छाप येथें उपयोगी पडत नाहीं, कारण तो धातूविषयीं बोलतो, हाताविषयीं नाहीं. त्याच नमुन्याची दुसरी आंगठी मागावी आणि दोन्ही शेजारीं ठेवून वळ्या ताडून पाहाव्या. रेषा तिथल्या तिथेंच वळत असतील, एखादा खळगाही त्याच ठिकाणीं असेल, तर किंमत त्या मानानें द्यावी.

अशी आंगठी घरीं आणल्यावर फार घासूं नये. हवेंतल्या गंधकाच्या अंशामुळें रुपें काळवंडतें. वळ्यांच्या खोलगट भागांत तो काळेपणा टिकतो आणि उंचवटे रोजच्या वापरानें उजळत जातात, त्यामुळें पहिल्या दिवशीं जेमतेम दिसणाऱ्या लाटा वर्षभरानें स्पष्ट दिसूं लागतात. कारागिरानें विकण्यापूर्वीं गंधकाच्या पाण्यांत बुडवून हाच काळेपणा मुद्दाम आणला असेल, तर चिंचेच्या कोळानें तो एका दिवसांत घालवून बसूं नये, एवढेंच.