परसातील कोंबड्यांचे धूलिस्नान

ऊन माथ्यावर येऊन गोठ्याच्या वळचणीखालची माती तापली की परसातील कोंबड्या चरणे आटोपते घेतात आणि एकीमागून एक त्या कोरड्या फुफाट्याकडे वळतात. प्रथम पायांनी उकरून व चोचीने माती अंगाखाली ओढून एक खोलगट जागा केली जाते. मग पिसे फुलवून कोंबडी तीत बसते, पंख झटकून धूळ पाठीवर उडविते, कुशीवर कलंडून मान जमिनीला घासते, आणि अखेरीस एक तंगडी लांब टाकून अर्धमिटल्या डोळ्यांनी अशी निपचित पडते, की नवख्या पालकास तिला झटका आल्याचाच भास व्हावा. अर्ध्या तासाने ती उठून सर्वांग झाडते, भोवती धुळीचा लोट उठतो आणि स्वारी पुन्हा उकिरड्याकडे चालू लागते. निरोगी कोंबडीचा हा कार्यक्रम साधारणतः दिवसाआड, आणि बहुधा दुपारच्याच सुमारास होतो.

या व्यवहारामागचे कारण तेलात आहे. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातील स्निग्ध द्रव्य चोचीने पिसांवर पसरून ती आपला पिसारा राखते, परंतु तेच द्रव्य कालांतराने शिळे व चिकट होऊन पिसांचा तळचा मऊ थर दबवून टाकते. बारीक कोरडी धूळ हे शिळे तेल शोषून घेते, आणि अंग झाडताना ते धुळीबरोबर निघून जाते. उवा व सूक्ष्म गोचिडांचा उपद्रव कमी होतो तो याच क्रियेत. ही प्रवृत्ती इतकी उपजत आहे, की तारेच्या जाळीवर ठेवलेली कोंबडी धुळीचा कणही नसताना त्याच हालचाली रिकाम्या जाळीवर करीत राहते. युरोपीय संघाच्या १९९९ सालच्या निर्देशान्वये अंड्यांच्या कोंबड्यांचे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद झाले व सुधारित पिंजऱ्यांतही उकरण्याजोगे काही द्रव्य ठेवणे बंधनकारक झाले, त्याच्या मुळाशी कोंबडीच्या अशाच नैसर्गिक गरजांचा विचार होता. मामला मात्र नवा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिग्रंथकार कोलुमेला याने कोंबड्यांच्या आवारात छपराखाली, भिंतीलगत, कोरडी धूळ व राख ठेवण्याची तजवीज सांगितली असून, डुकरे चिखलाने व कोंबड्या धुळीने न्हातात या अर्थाचा ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटसचा दाखलाही जोडला आहे.

दोन हजार वर्षांनंतरही त्या तजविजीत फारशी भर घालण्याची आवश्यकता नाही, असे माझे मत आहे. आणि हल्ली जी भर घातली जाते तिच्यातील बरीचशी कोंबडीच्या छातीवर बेतणारी असते. पक्ष्याच्या लहानशा फुप्फुसांना नऊ वायुकोश जोडलेले असून त्यांचे फाटे काही हाडांतही शिरलेले असतात. ज्या प्राण्याने नाकातोंडाशी धूळ उडवीत अर्धा तास काढावयाचा, त्याच्या धुळीत काय मिसळले आहे याची चौकशी म्हणूनच अगत्याची ठरते.

मुख्य द्रव्य मातीच. देशावरची काळी माती कोरडी असता ढेकळे धरते व ओलसर झाली की पिसांना चिकटते, म्हणून नदीकाठचा पोयटा किंवा चाळलेली तांबडी माती घेऊन तीत एक तृतीयांश बारीक वाळू मिसळणे इष्ट. मूठ आवळून सोडली असता माती गोळा न होता बोटांतून ओघळली, की ती स्नानास योग्य समजावी. मात्र ती फवारणी झालेल्या शेतातली किंवा वाहनांच्या रहदारीच्या रस्त्याकडेची नसावी.

राखेची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे, आणि साध्या लाकडाची, पूर्ण निवालेली, चाळून खिळे-चुका काढलेली राख मातीच्या चौथाईपर्यंत मिसळण्यास हरकत नाही. परंतु राख भिजली की तिच्यातील क्षार पाण्यात उतरतो व त्याने पायांची कातडी आणि डोळे चुरचुरतात. म्हणून भिजलेली राख तत्काळ काढून टाकावी. दगडी कोळशाच्या राखेत विषारी धातूंचे अंश असतात. रंगविलेल्या फळ्या, प्लायवूड किंवा प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळलेल्या राखेसही मज्जाव असावा. वीटभट्टीची किंवा भातगिरणीच्या बॉयलरमधली तुसाची राख फुकट मिळते खरी, परंतु ती बहुतांशी सिलिकाच असते, आणि तूस अतिउष्णतेत जळाले असेल तर त्या सिलिकाचे स्फटिक बनून ते फुप्फुसास इजा करतात. खडी क्रशरची भुकटी व सिमेंट यांचे तर नावही काढू नये. कळीचा चुना दाहक. विझविलेलाही डोळ्यांस बाधतो.

पाकिटांतून विकली जाणारी डायटोमेशियस अर्थ ही सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची माती कीटकाच्या अंगावरचा मेणचट थर शोषून व खरवडून त्याला शुष्क करते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही माती, केओलिन (पांढरी चिनी माती) व गंधक यांपैकी कोणतेही द्रव्य ठेवलेल्या पेटीत स्नान करणाऱ्या कोंबड्यांवरील परजीवी पुष्कळच घटले. गंधकाचा गुण तर स्नान न करणाऱ्या सोबतिणींनाही लागला. तरीही मी ही द्रव्ये उपद्रव दिसेल तेव्हाच, अल्प प्रमाणात व पशुवैद्यास विचारून वापरण्याच्या बाजूचा आहे. कारण भाजून तयार केलेल्या डायटोमेशियस अर्थमध्ये स्फटिकरूप सिलिका असते, आणि पाकीट ओतणाऱ्यालाही तोंडावर फडके बांधावे लागते.

सर्वांत घातक म्हणजे मुंग्यांची पावडर किंवा कोठीत पडून राहिलेले जुने कीटकनाशक मातीत मिसळण्याचा शिरस्ता. बीएचसी या कीटकनाशकावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, तरी ‘पूर्वी टाकत होते’ हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. कोंबडी न्हाता न्हाता त्याच मातीत चोच मारते. तिच्या पोटात गेलेले विष अंड्यात उतरण्यास वेळ लागत नाही. तंबाखूच्या भुकटीतील निकोटिनही विषच. सुताराकडचा भुसा ओलसर राहिल्यास त्यावर बुरशी धरते व तिचे बीजाणू श्वासावाटे जाऊन फुप्फुसे कुजवितात.

पावसाळ्याचा बंदोबस्त मात्र आधीच करावा लागतो. कोकणात आगोटीला गोवऱ्या व सरपण भरून ठेवतात, त्याच वेळी दोन पोती चाळलेली माती उन्हात कडक वाळवून माळ्यावर टाकावी, आणि मृग बरसू लागला की पडवीच्या कोपऱ्यात वीतभर खोलीच्या लाकडी खोक्यात अगर जुन्या टायरमध्ये ती भरून ठेवावी. दोन-तीन कोंबड्यांना एकत्र बसता येईल इतकी जागा असावी, कारण या स्नानात त्यांना संगत आवडते. विष्ठा रोज वेचावी. ओल दिसली तर माती बदलावी. खुडूक कोंबडी अंड्यांवरून दिवसाकाठी थोडाच वेळ उठते आणि त्यातच खाणे, पिणे व न्हाणे उरकते. तिची माती खुराड्याजवळच हवी, नाहीतर तिच्या अंगावरच्या उवा पिले निघताच पिलांवर चढतात.

धूलिस्नानाचा इलाज अंगावरच्या किड्यांपुरता आहे. दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त पिणाऱ्या गोचिडांपर्यंत धूळ पोहोचत नाही. त्यांच्यासाठी फटी बुजवून, कोंबड्या बाहेर असताना भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी आणि ती पुरती वाळेपर्यंत त्यांना आत घेऊ नये. आठवड्यातून एकदा शेपटीखालची पिसे फुंकर घालून विलग करावीत. पिसांच्या मुळाशी पांढरट पुंजके दिसले तर ती उवांची अंडी असतात, व तेव्हा माती चाळीत न बसता तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.