शत्रू न ओळखणारा पहारेकरी

रात्री निजताना धड असलेला पायाचा अंगठा पहाटे लालबुंद होऊन ठणकू लागतो. अंगावरची चादरसुद्धा सोसवत नाही. गाऊटच्या या सांध्यात जंतू नसतो, युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक तेवढे असतात. मग एवढी आग लावतो कोण? लोझानच्या युर्ग चोप यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली त्याचं नाव सांगितलं: एनएलआरपी३.

हे प्रथिन मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशींच्या आत असतं. मला त्याची सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की ते शत्रूचा चेहरा पाहतच नाही. ते पाहतं पेशीची अवस्था. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं. ते बाहेर गळू लागलं, की बहुतेक वेळा हे प्रथिन जागं होतं. गळती जिवाणूच्या विषामुळे झाली की टोचणाऱ्या स्फटिकामुळे, हे त्याच्या लेखी सारखंच. म्हणून दगडफोडीत फुप्फुसात गेलेली सिलिकाची धूळही त्याला उठवते.

जागं झालं, की त्याचे रेणू चक्रासारखे एकत्र जुळतात आणि कॅस्पेज-१ नावाच्या कात्रीला कामाला लावतात. ही कात्री दाह भडकवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटा या रेणूला छाटून धार देते. तीच गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन कापते आणि त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. त्या भोकांतून इंटरल्यूकिन बाहेर पडतं. ताप, सूज, ठणका सुरू होतो. पेशी बहुधा फुटून मरते.

या प्रथिनाचा जनुक सापडला तो मात्र थंडीमुळे. काही कुटुंबांत गार वारा लागला तरी अंगावर पुरळ उठायचं, ताप भरायचा. सॅन दिएगोच्या हॅल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यामागचा बिघडलेला जनुक शोधला. या कुटुंबांतला पहारेकरी विनाकारण जागा होत होता. इंटरल्यूकिन-१ अडवणाऱ्या औषधांनी अशा रुग्णांना अक्षरशः नवं आयुष्य दिलं.

मग हीच औषधं सरसकट द्यावीत का? २०१७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत त्यांपैकीच एका औषधाने, कॅनाकिनुमॅबने, पुढचे झटके कमी केले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारा उठवण्याची ही किंमत मला लहान वाटत नाही.

पुन्हा गाऊटकडे वळू. त्यावरचं जुनं औषध म्हणजे कोल्चिसिन. ते पेशीच्या आतल्या नलिकांचा सांगाडा मोडतं. स्फटिकांचा इशारा त्यामुळे अडतो, हे चोप यांच्या २००६ च्या प्रयोगांतही दिसलं. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते त्या कळलावीतही कोल्चिसिन असतं. पण तिचा कंद जहाल विषारी आहे. तो उगाळून घेण्याचं धाडस कोणीही करू नये.