देठ हिरवा राहिला पाहिजे

फेब्रुवारी २०२४. सकाळचे सात वाजलेत आणि निफाड तालुक्यातल्या या द्राक्षबागेत मांडवाखाली अजून गारवा आहे. खुडा सुरू झालाय. घड कापणाऱ्या बाईचा एक हात देठाला, दुसरा कात्रीला. मण्याला ती बोट लावत नाही. मण्यावर पांढुरकी पावडर असते. बोट लागलं की तेवढाच ठिपका पुसला जातो आणि तो पुन्हा भरत नाही. माल निर्यातीचा आहे; रॉटरडॅमला डबी उघडणाऱ्याला तो दिसणार असतो.

"मावशी, जरा बसा की," मी म्हणतो.

"ऊन आलं का बसायचंच हाय," त्या म्हणतात. हात थांबत नाही.

उन्हाचा हिशेब इथे सगळ्यांना पाठ आहे. मण्यात शिरलेली उष्णता नंतर विजेचं बिल भरून बाहेर काढावी लागते, आणि ती काढेपर्यंत देठातलं पाणी उडत असतं. म्हणून दहाच्या सुमाराला कात्र्या थांबतात. क्रेटमध्ये घडांचा एकच थर, खाली कागद. टेम्पो बैलगाडीच्या चालीने पिंपळगाव बसवंतकडे निघतो.

पॅकहाऊसमध्ये लांबच लांब टेबलं, डोक्याला टोप्या घातलेल्या बाया. टोकदार कात्रीने तडकलेला मणी, बारका मणी, डागी मणी काढला जातो. घड उलटा धरून, प्रकाशाकडे फिरवून. माझ्यासमोरची मुलगी एका घडातून चार मणी काढते, क्षणभर पाहते आणि पाचवाही काढते. मला तो मणी चांगला वाटला होता. ती बोटाने देठाजवळची जागा दाखवते: केसाएवढी चीर. एवढ्या चिरेतून बुरशी आत गेली तर पेटी उघडेपर्यंत शेजारचे मणी गेलेले असतात.

अर्ध्या किलोच्या डब्या, दहा डब्यांची पेटी, आणि वर एक पातळ कागद. याला सगळे ग्रेप गार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट असतं; पेटीतल्या दमटपणाने त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला रोखतो. पेटी ओली झाली तर तोच वायू भसकन सुटतो आणि मण्यांचा रंग उडवतो. औषध तेच, फक्त घाई झाली.

पेटीवर चिकटणाऱ्या लेबलावरून माल कोणत्या प्लॉटमधला ते शोधता येतं. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी २००६ पासून आहे. तरीही २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश युरोपात सापडले आणि नाशिकचे कंटेनरच्या कंटेनर अडकले. माझ्या मामाचा माल त्यात होता. त्या हंगामात त्यांच्या घरी फोन वाजला की सगळे गप्प व्हायचे. ही लेबलं लावणाऱ्या पोरांकडे मी म्हणूनच जास्त वेळ बघत राहतो.

दुपारी प्रीकूलिंगची खोली. पॅलेटच्या दोन रांगा, मधे मोकळी जागा, वरून ताडपत्री. टोकाचा पंखा मधली हवा खेचतो, म्हणून बाहेरची गार हवा पेट्यांच्या भोकांतूनच आत यायला पाहिजे. दुसरी वाट तिला ठेवलेलीच नाही. सुपरवायझर सळईसारखा थर्मामीटर एका मण्यात खुपसतो. चोवीस. सहा तासांत हा आकडा चारच्या खाली यायला हवा, त्यानंतर शून्याच्या खोलीत मुक्काम. मण्यात साखर असल्यामुळे शून्यालाही तो गोठत नाही.

रात्रीचे पावणेबारा. धक्क्याला चाळीस फुटी पांढरा कंटेनर पाठ लावून उभा आहे. दारं सताड उघडी, आणि मशीन बंद.

"माल भरताना थंडी बंद?" मी सुपरवायझरला विचारतो.

"चालू ठेवली तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, दादा. पेट्यांना घाम सुटतो." आणि मग तो जे सांगतो त्यासाठी मी दिवसभर इथे थांबलो असं मला वाटतं. "हा कंटेनर थंड करत नाही. थंडी सांभाळतो फक्त. गरम माल आत घातला तर महिनाभर मशीन रडंल, पण देठ वाळायचा तो वाळणारच."

मी आत जातो. जमिनीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, मधे खोबणी. गार हवा या खोबण्यांतून दारापर्यंत धावते, पेट्यांतून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे येते. भिंतीवर तांबडी रेघ आहे; तिच्या वर एकही पेटी गेली तर परतीची वाट बंद. पोरं पॅलेट आत ढकलतात. वीस पॅलेट, सुमारे तेरा टन. दाराशी वीतभर जमीन उघडी राहते तिथे एक जण गुडघ्यावर बसून पुठ्ठा कापून बसवतो. चुकून राहिलेल्या एका फटीत तो बोट घालून पाहतो आणि पट्टी आणखी लावतो. तेवढी फट राहिली तर सगळी हवा तिथूनच वर पळणार आणि मधल्या पेट्या उपाशी राहणार.

१८८२ साली न्यूझीलंडहून गोठवलेलं मटण घेऊन लंडनला निघालेल्या 'डनेडिन' या शिडाच्या जहाजावर हीच अडचण आली होती. उष्ण पट्ट्यात कप्तानाच्या लक्षात आलं की गार हवा सगळीकडे पोचत नाही. हवेला नवी भोकं पाडायला तो स्वतः आत शिरला आणि गारठून बेशुद्ध झाला. दोरी बांधून त्याला बाहेर ओढावं लागलं. ९८ दिवसांनी माल चांगला पोचला. इथे पुठ्ठा कापणाऱ्या पोराचं काम मला त्या कप्तानाच्या जातीचं वाटतं.

दाराजवळच्या पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवतात. दारं लागतात. सील ठोकलं जातं, नंबर दोघं जण मोठ्याने वाचतात. पडद्यावर उणे अर्धा अंश. कंटेनरला वीज देणारा जेनसेट घरघरतो.

ड्रायव्हर पाथर्डीकडचा. तो आधी डिझेलची टाकी बघतो, मग चहा घेतो. "घाटात बंद पडला तर मी उतरतो, गाडी नाही सोडत," तो म्हणतो. कसारा उतरून पहाटेपर्यंत न्हावा शेवा. तिथे यार्डातल्या प्लगला, मग जहाजावरच्या प्लगला. एक प्लग काढला आणि दुसरा लागला यांच्यामध्ये जो वेळ जातो, तोच या सगळ्या वाटेतला कच्चा दुवा आहे. त्यात यंदा वाटच लांबली. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जातायत, आणि हे जादा दिवस त्याच देठाला काढायचे आहेत.

गाडी आग्रा रोडला लागते. सुपरवायझर कोल्ड स्टोअरमध्ये जातो, मी मागे. कोपऱ्यातल्या रॅकवर प्रत्येक कंटेनरमधली एकेक पेटी ठेवलेली असते, नंबर आणि तारीख घालून. आजची तो वरच्या फळीवर ठेवतो. मग खालून जानेवारीतली एक काढतो. तिचा कंटेनर आज तिकडे उघडलाय, फोन अजून आलेला नाही.

तो डबी उघडतो, घड देठाला धरून दिव्याखाली उचलतो. मुख्य देठ हिरवा. फांद्यांची दोन टोकं तपकिरी पडलीत. घड तो हलकेच झटकतो. एक मणी गळून डबीत पडतो. तो थांबतो, पुन्हा झटकतो. यावेळी काहीच गळत नाही.