डोळे निर्दोष, तरी दिसेना

भिंतीवर पाल सरकली की नातू ती चटकन टिपतो. परंतु ताटाजवळची वाटी त्याला सापडत नाही. पायरी उतरताना तो पावलाने चाचपडतो, लग्नघरातील गर्दीत आईलाही ओळखत नाही. नेत्रतज्ज्ञ तर डोळे निर्दोष असल्याचे सांगतात. मग ‘लबाड आहे, हवे तेव्हा बरोबर दिसते’ असा निकाल घरात लागतो. वाचकहो, तो लावण्यापूर्वी मुलाच्या जन्मवेळची कागदपत्रे काढून पाहावीत.

डोळा प्रतिमा टिपतो. तिचा अर्थ मेंदू लावतो. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, किंवा पहिल्या काही दिवसांत रक्तातील साखर अतिशय उतरणे, यांमुळे मेंदूतील दृष्टीच्या वाटांना इजा होऊ शकते. साखर उतरल्यास डोक्याच्या मागील बाजूचा, म्हणजे नेमका दृष्टीचा भाग अधिक दुखावतो. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करण्याचा आम्हा डॉक्टरांचा आग्रह असतो, त्याचे हेही एक कारण. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत नजरेचा खालचा भाग हरपू शकतो. पायरी दिसत नाही ती त्यामुळे. काहींना हलती वस्तू स्थिर वस्तूपेक्षा लवकर दिसते. पालीचे कोडे येथे सुटते. मूल थकले, भुकेले वा गोंगाटात असले की दिसणे आणखी घटते, म्हणून सकाळचे मूल आणि सायंकाळचे मूल निराळे भासते.

चष्म्याने हा दोष जात नाही. नंबर असल्यास चष्मा मात्र लावावाच. काजळाचा येथे काडीचाही उपयोग नाही.

आजी-आजोबांच्या हाती पुष्कळ आहे. चकाकत्या स्टीलच्या ताटातील पांढरा भात अशा मुलाला दिसणे कठीण. तोच गडद एकरंगी ताटलीत वाढावा. फुलाफुलांच्या चादरीऐवजी साधी चादर अंथरून एका वेळी एकच खेळणे ठेवावे. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावावी. जवळ जाताना आधी नाव घेऊन बोलावे, टीव्ही बंद करावा, आणि वस्तू दाखविल्यावर थांबावे. ‘दिसतंय का, सांग ना’ असा तगादा लावू नये.

शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून अनेक जिल्ह्यांत ‘डीईआयसी’ केंद्रे उभी राहिली. तेथे तपासणी विनामूल्य होते. जाताना जन्मवेळचे डिस्चार्ज कार्ड आणि आठवडाभराची टिपणवही न्यावी: काय दिसले, कोठे, किती वाजता.