उभ्या जंगलाची भाकर

मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनाची माहिती असते. खूप पाऊस, दाट झाडी, एवढे पाठ करून आपण पान उलटतो. पण या जंगलाची एक गोष्ट कष्टकऱ्यांच्या घरात कळली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

जिथे एवढी हिरवळ, तिथली जमीन कसदार असणार, असा आपला समज. खरे तर तिथली बरीचशी जमीन निकस आहे. जोराच्या पावसाने मातीतला कस वाहून जातो. मग झाडे जगतात कशावर? उष्ण, दमट हवेत पडलेला पाला लवकर कुजतो. बुरशी आणि वरवर पसरलेली मुळे त्यातला कस लगेच ओढून घेतात. म्हणजे जंगलाची शिदोरी मातीत कमी आणि झाडांत जास्त. जंगल जाळून शेती केली, तर राखेवर थोडी पिके निघतात आणि जमीन थकते. झाडे हवेत वाफ सोडतात, त्यातून पुन्हा पाऊस पडतो. झाडे गेली की तोही घटतो.

या जंगलात रबराची झाडे एकमेकांपासून दूर, विखुरलेली वाढतात. 1928 साली अमेरिकेचे मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांनी ब्राझीलमध्ये जंगल तोडून रबराचे मळे उभारायला घेतले. दाटीने लावलेल्या झाडांवर पानांचा बुरशीरोग पसरला. अखेर 1945 मध्ये ती जमीन तोट्यात सरकारला परत विकावी लागली.

जंगलातल्या झाडांना खाचा पाडून चीक गोळा करणाऱ्या मजुरांचे पोट मात्र उभ्या जंगलावरच चालत होते. चिको मेंडेस त्यांच्यातलेच. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही, अक्षरओळख उशिरा झाली. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जाऊ लागले, तेव्हा शापुरी गावच्या संघटनेचे मजूर बायकामुलांसह करवतींपुढे उभे राहिले. 22 डिसेंबर 1988 रोजी मेंडेस यांची राहत्या घरी गोळी घालून हत्या झाली.

1990 मध्ये त्यांच्या नावाने सुमारे दहा लाख हेक्टर जंगल राखीव झाले. चीक काढावा, ब्राझील नटच्या बिया वेचाव्यात, पण जंगल उभे ठेवावे, ही त्यामागची कल्पना. तिथेही आता कुरणे वाढत आहेत, म्हणून झगडा संपलेला नाही.

मुले तो धडा वाचतील, तेव्हा पावसाच्या आकड्यांबरोबर या मजुरांचीही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.